घट्ट चिकटलेली मिशी

परवा शाळेच्या नाटकासाठी नातवाला मिशी चिकटवत होतो. स्पिरिट गमचा तो उग्र वास नाकात गेला आणि मी थेट पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या एका दुपारच्या प्रयोगात जाऊन पोचलो.

आमची नाटक कंपनी दौऱ्यावर होती. नाटकात सदा नायक होता आणि मी त्याचा विनोदी नोकर. रंगमंचाबाहेरही फारसा फरक नव्हता. मध्यंतरात रत्नागिरीहून फोन आला, सदाची आई गेली. मॅनेजर म्हणाले, "पडदा पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही." कंपनीची रीतच तशी. पुढचा अंक सदाने टाळ्या घेत रंगवला. पडदा पडला तसं मॅनेजरांनी मला पुढे ढकललं. "तू त्याचा दोस्त, तूच सांग. जीप उभी आहे. घरचे त्याच्यासाठी थांबलेत."

गालांवर लाल रंग आणि ओठावर झुपकेदार मिशी, तसाच गेलो. "सदा, आई गेली रे."

तो खो खो हसला. "मेल्या, आधी ती मिशी काढ, मग थापा मार."

एरवी भर प्रवेशात गळून पडणारी माझी मिशी त्या दिवशी काही केल्या निघेना. ओढता ओढता ओठाची साल निघाली, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून सदाचं हसू थांबलं.

हा किस्सा मी वर्षानुवर्षं माझ्या वेंधळेपणाचा म्हणून रंगवून सांगत आलो. परवा नातवाची मिशी बोटाने दाबून धरली तेव्हा वाटलं, ती निघत नव्हती तेवढा वेळ सदाची आई जिवंत होती. आणि मी ओढत होतो.