सुमीचं नाव मोकळं होतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी नाही, देवापुढं नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय म्हणून तुम्ही मला चांगली म्हणाल, असल्या भ्रमात मी नाही. म्हणूही नका.

चिंचवड गावात आमचा खोक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला — पत्र्याची शेड, दोन-चार करवती आणि आंब्याच्या फळ्यांची थप्पी. थोरले भावजी आणि आमचे हे, दोघं भाऊ मिळून चालवायचे. दारावर पाटी होती, ‘सुमन वूड वर्क्स’. सुमन म्हणजे भावजींची एकुलती एक पोर, सगळ्यांची सुमी. मी लग्न होऊन यायच्या आधीच तापानं गेली. ती गेली त्याच वर्षी पाटी लागली. जाऊबाई रोज सकाळी स्टुलावर चढून ती पाटी पदरानं पुसायच्या. पोरीचं तोंड पुसावं तशी.

मला त्यांचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू? सुरुवातीला खरंच वाटायचं.

मग ती खंडेनवमी आली. करवती, रंधे, हातोड्या, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं. रांगोळी मी काढलेली, फुलं मी आणलेली, आरतीचं ताटही मीच लावलेलं. ते उचललं मात्र — जाऊबाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माज्या सुमीच्या नावावर वांझेचा हात नको."

गड्यांसमोर. शेजारपाजारच्या बायांसमोर. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, ते काय मला ठाऊक नव्हतं? आणि हे? हे तिथंच उभे होते. मान खाली घालून टाळ्या वाजवत होते, आरती म्हणत होते!

अंगाची लाही लाही झाली माझ्या. तुमचा झालाय का कधी असा पाणउतारा? झाला असेल तर मी सांगायला नको. मी मनाशी म्हटलं — थांब भवाने, तुझ्या सुमीच्या नावाचं काय होतं ते बघच तू.

काय करणार होते? काही ठरवलं नव्हतं. संधी त्यांनीच माझ्या ओटीत आणून घातली.

पिंपरीला तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्यांना बाटल्यांसाठी खोकी हवी होती — एकदोन खेपा नाही, बारमाही. भावजी नमुना घेऊन गेले, तर तिथल्या साहेबानं विचारलं, तुमच्या फर्मची सरकारात नोंद आहे का? भावजी म्हणाले, "व्हय की. मोरयापुढं नारळ फोडलाय, नाव ठिवलंय, पेढं वाटल्यात." साहेब हसला म्हणे. पण आमच्या घरात ते तसंच होतं बघा — बारसं केल्यासारखं चार माणसांत नाव ठेवलं, की लागलं नाव. सरकारातही ते लावावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझं माहेर पुण्याचं आणि मी सातवी पास. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून भावजी यांना म्हणाले, "जगू, तुज्या मंडळीलाच धाड. शिकलेली हाय, नीट करंल."

नीट करंल! केलंच मी नीट.

वडिलांना बरोबर घेऊन मी पुण्याच्या कचेरीत गेले. फी भरली की तिथं फर्मांची नावं बघू देत. कारकुनानं जाडजूड चोपडी उघडली, पानं चाळली, बोटानं नावं वरून खाली वाचत गेला. पुन्हा एकदा वाचली. मग मान वर न करताच म्हणाला, "या नावाची फर्म नाही. नाव मोकळं आहे, ज्याला लावायचं त्यानं लावावं."

मोकळं आहे! जाऊबाई रोज पदरानं पुसतात ते नाव मोकळं आहे — कुणाचंच नाही! मला हसू आलं. वडिलांनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, काम सोपं झालं.

कोरे अर्ज घेऊन घरी आले. दोन आणले. एकावर भावजींनी अंगठा उठवला, यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी भावजी वखारीत गेलेले बघून यांना म्हटलं, अहो, कालच्यावर शाई सांडली, यावर पुन्हा करा. यांनी विचारलंसुद्धा नाही. जिभेचं टोक बाहेर काढून शाळकरी पोरागत सही गिरवली आणि कामाला गेले. त्या अर्जावर भागीदार दोनच होते — हे आणि मी. भावजींच्या अंगठ्याचा कागद मी आंघोळीच्या बंबात घातला. त्या पाण्यानं जाऊबाई न्हाल्या. तेही मला आवडलं.

दाखला आला, इंग्रजीतला, मुंबई सरकारच्या शिक्क्याचा. दोघे भाऊ धुतलेली धोतरं नेसून, दाखला घेऊन पिंपरीला गेले. साहेबानं वाचला आणि भावजींना विचारलं, "यात तुमचं नाव नाही. तुम्ही कोण?"

मी तिथं नव्हते. पण ते ‘तुम्ही कोण’ मी मनात कितीदा ऐकलं असेल म्हणता?

परत आल्यावर भावजी अंगणात थांबले. जाऊबाई बाहेर आल्या. मी उंबऱ्यातच उभी होते, शब्द तयार ठेवून — होय, मी केलं, या वांझेच्या हातानं लावलं तुमच्या सुमीचं नाव! हे बोलण्यासाठीच तर केलं होतं सगळं. भावजींनी विचारलं, "जगू, तू केलंस?" यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. कळलं होतं त्यांना. आणि म्हणाले, "व्हय."

एवढंच. माझा सूड माझ्या तोंडातच राहिला. त्या क्षणी मला यांचा इतका राग आला — आरतीला गप्प बसलात, आणि आता बोललात? पण मग घटकाभरानं, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. शिव्या त्यांच्या वाट्याला जाणार होत्या. मी तोंड मिटून घेतलं.

खोक्यांचं काम आम्हाला मिळालं. गल्लीच्या अलीकडं आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं, नवी शेड घातली. जाऊबाई एकदा माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "खोकी तुमीच द्या. पोरीचं नाव तेवढं आमच्या दारावर ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, नाव सरकारात आमचं लागलंय जाऊबाई, दोन पाट्या चालायच्या नाहीत. कायद्यात तसं काही होतं का? मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंच नाही. भावजींनी पाटी उतरवली, ती मी दारात उभी राहून बघितली. गोड लागलं मला ते. आजही आठवलं की लागतं — तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

गावानं यांना नाव ठेवलं, मेलेल्या पुतणीचं नाव चोरणारा. पारावर हे जाऊन बसले की चार माणसं उठायची. यांनी मला कधी ‘का केलंस’ म्हणून विचारलं नाही. नव्या शेडमध्ये खंडेनवमी आली तेव्हा आरतीचं ताट स्वतः उचलून माझ्या हातात दिलं, आणि आपण बाहेर जाऊन उभे राहिले.

मग यांच्या छातीनं दगा दिला. ऐन उमेदीत गेले. यांना अंगणात ठेवलं होतं. गल्लीपलीकडं भावजींचं दार बंद. मी खरं काय ते एका शब्दानं बोलले असते, तर तो माणूस अनवाणी धावत आला असता, हे मला माहीत होतं.

जाऊबाई तेवढ्या आल्या. माझ्याजवळ बसल्या, मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "लई सोसलंस गं याच्यापायी. तुजा काय दोष?"

यांचा चेहरा समोर उघडा होता. मी मान डोलावली. म्हटलं, "नशीब माझं."

पलीकडचं दार उघडलं नाही. यांना खांदा शेडमधल्या गड्यांनी दिला.