अंगठ्यावर उघडलेलं खातं

ग्वाल्हेरात स्टेशनजवळ पडाव भागातल्या एका हॉटेलात मला हिशेबाचं काम मिळालं, तेव्हा मॅनेजरने माझी मार्कशीट नीट पाहिलीसुद्धा नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती.

"मैडम, शनिवार तक अकाउंट नंबर दे दीजिए. कैश में हम किसी को नहीं देते."

"हाँ, दे दूँगी," मी म्हणाले आणि जिना उतरले.

खातं नव्हतं असं नाही. होतं. पण त्या खात्यात पगार गेला की तो माझा राहत नसे. आधी मी एका शाळेच्या ऑफिसात होते, तिथले शेवटचे पगार असेच गेले. जमा झाल्याचा मेसेज यायचा आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत कापल्याचा यायचा. काकांच्या माल वाहायच्या टेम्पोच्या कर्जाला मी जामीन होते. हप्ते थकले होते. कर्ज ज्या बँकेचं, माझं खातं त्याच बँकेत. बँकेने फसवलं असं मी कधी म्हटलं नाही. कागदावर सगळं छापलेलं होतं आणि खाली माझी सही होती, इंग्रजीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

घरभाडं थकलं होतं. घरमालक सभ्य माणूस, ओरडला नाही. आईला फक्त एवढंच म्हणाला, "पहली को हिसाब हो जाए तो ठीक, नहीं तो भतीजा आ रहा है, उसे कमरे चाहिए." त्याला पुतण्या आहे हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे हा पगार हातात पडायलाच हवा होता. नाही तर आई आणि मी, सामानासकट, कुठे जाणार होतो ते मला माहीत नव्हतं.

त्या सहीबद्दल सांगायला हवं. आमचे लोक कधीकाळी फौजेबरोबर दख्खनहून इकडे आले आणि इकडचेच झाले. ग्वाल्हेरच्या दरबारी मराठी घरांत पाटी-पुस्तक होतं. आमच्या घरात लढायांच्या गोष्टी होत्या आणि अंगठा होता. बाबा आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर एका गोदामावर चौकीदार. पगाराच्या दिवशी अंगठा निळा करून घरी यायचे आणि आत येताना दाराच्या चौकटीला पुसायचे. वर्षानुवर्षं पुसून पुसून ती चौकट एका बाजूने निळी पडली होती. मी बी.कॉम. झाले तेव्हा त्यांनी पेढे नंतर आणले, आधी चौकट रंगवून घेतली. म्हणाले, "आता ह्या घरात अंगठा नाही."

ते फार दिवस राहिले नाहीत नंतर. पण गल्लीत माझी सही चालायला लागली. कोणाच्या फॉर्मवर, कोणाच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून. आमच्या गल्लीत हळूहळू रीतच पडली की सही घ्यायला रिकाम्या हाताने यायचं नाही. थंडीत गजक, ती तीळगुळाची खुसखुशीत वडी, एरवी घरचे लाडू, चकल्या. आई म्हणायची, "आमचा फराळ हिच्या सहीवर चालतो." मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू? काका जामिनाचा कागद घेऊन आले तेव्हा गजकचा मोठा डबा घेऊन आले होते. कागद मी वाचला होता. पण शिकलेल्या पुतणीने काकांना सही नाकारायची, ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या कल्पनेतही बसली नसती, माझ्याही नाही. पुढे टेम्पोचं इंजिन गेलं, हप्ते थांबले, आणि काका आमच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावून जायला लागले.

तर शनिवारच्या आत दुसऱ्या बँकेत खातं. हिशेब शिकलेय, एवढं मला कळत होतं की मला साधं बेसिक खातं हवं. त्यात कमीत कमी शिल्लक ठेवायची सक्ती नसते, दंड नसतो. चेकबुक नाही मिळालं तर नको. महिन्यातून मोजक्या वेळाच पैसे काढता येतात, तेही चालेल. मला फक्त एक जागा हवी होती जिथे माझा पगार येईल आणि मी काढेपर्यंत तिथेच थांबेल.

सराफ्याजवळच्या एका शाखेत गेले. काउंटरवरच्या साहेबांनी आधी फारच गोड बोलून घेतलं.

"आप ग्रेजुएट हैं, नौकरी है. ये जीरो बैलेंस वाला आपके लिए थोड़ी है! रेगुलर खुलवाइए. चेकबुक, क्रेडिट कार्ड, सब मिलेगा."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी माझा पॅन नंबर टाकलासुद्धा. मग स्क्रीनकडे पाहत त्यांचा चेहरा उतरला, जसा दुकानदाराचा फाटकी नोट बघून उतरतो.

"स्कोर देखा है अपना? अरे मैडम, कार्ड-वार्ड तो भूल जाइए."

हे त्यांनी आवाज खाली न आणता सांगितलं. माझ्या मागे रांग होती. कानशिलं तापली माझी. घरी निघून यावं असं वाटलं, आणि घरमालकाचा तो न पाहिलेला पुतण्या डोळ्यांपुढे आला, हातात बॅग घेऊन उभा.

"कार्ड माँगा किसने?" मी म्हटलं. "बेसिक खाता माँगा है. उसमें उधार मिलता ही नहीं, तो मेरी उधारी क्यों देख रहे हैं?"

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी माझे कागद जुळवून परत दिले. "यहाँ आज सर्वर स्लो है. हजीरा में हमारा केंद्र है, वहाँ चली जाइए. वो लोग यही सब करते हैं."

'वो लोग' आणि 'यही सब'. सबंध रस्ता शेअर टेम्पोत मी त्या दोन शब्दांशीच भांडत होते. परत जाऊन लेखी नकार मागावा का? मागितला असता तर त्यांना खातं उघडावंच लागलं असतं, मला ठाऊक होतं. पण शुक्रवार उजाडला होता आणि भांडण जिंकायला जो वेळ लागतो तो माझ्याकडे नव्हता.

हजीऱ्याचं ते केंद्र म्हणजे एक दुकान. अर्ध्या भागात झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज, अर्ध्या भागात बँक. बाहेर बायकांची रांग, सरकारी योजनेचे पैसे काढायला आलेल्या. मी ओढणी तोंडाला बांधली. आमच्याकडे मुली धुळीसाठी बांधतातच, कोणाला काही वाटत नाही. तरी मला आपलं वाटत होतं की सगळ्यांना कळतंय ही धुळीसाठी नाही.

पुढची बाई वळली. आमच्याच गल्लीतली काकू.

"अगं, तू? इथे काय करून राहिलीस?"

"खातं उघडायचंय."

"तुला? तुझं तर आहे ना मोठ्या बँकेत?"

"आहे. ते चालत नाही आता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्याने हसल्या. "घ्या! माझ्या फॉर्मवर हिची सही, आणि ही माझ्याच मागे रांगेत! ये, पुढे ये. चकल्या खाल्ल्यात तू माझ्या, उगाच नाही."

"नको, तुमचा नंबर आहे."

"अकड नाही जाणार हिची," त्या पुढच्या बाईला म्हणाल्या, पण हाताने मला स्वतःच्या शेजारी ओढून घेतलं. ओढणी मी तेव्हा सोडली. गरमही होत होतं.

आत मशीनवर एकेकीचा अंगठा लागत होता. कोणाचा लागत नव्हता. भांडी घासून, राख लागून रेषाच राहिल्या नव्हत्या. मग ती बाई अंगठा केसांत घासायची, तेलाने थोडा ओला करायची आणि परत लावायची. काकूंचा तिसऱ्यांदा लागला. मी माझा पेन बाहेर काढून ठेवला होता, कॉलेजात असताना बाबांनी दिलेला.

केंद्रवाला डोळे वर न करता म्हणाला, "अंगूठा."

"साइन नहीं लेंगे?"

"बाद में कागज पे कर देना, तसल्ली के लिए. खाता तो इसी से खुलेगा."

मी अंगठा ठेवला. खालून लाल उजेड आला. पहिल्याच झटक्यात बीप वाजलं.

"हाय राम, पढ़ी-लिखी का अंगूठा!" मागून एक बाई म्हणाली. "एक बार में चल गया. देखो, झाड़ू-बर्तन कुछ किया ही नहीं है इसने!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. बाहेर आल्यावर मी अंगठा पाहिला. शाई लागायचा प्रश्नच नव्हता, तरी पाहिला. घरी पोचले तेव्हा दाराच्या चौकटीला हात न लावता आत शिरले. आईला एवढंच सांगितलं, "झालं." ती म्हणाली, "सही केलीस ना नीट?" मी हो म्हटलं. सही केलीच होती, तसल्लीसाठी.

शनिवारी मॅनेजरला नंबर दिला. काम सुरू झालं, पण मन ठिकाणावर नव्हतं. ही बँक वेगळी, तिचं मी काही देणं लागत नाही, कर्जवाल्या बँकेने उद्या कोर्टाचा कागद आणला तर गोष्ट निराळी, पण उगाच कोणी हात घालू शकत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रात्री उठून मोबाइल बघत होते. एकदा वाटलं अंगठा म्हणजे मीच, तो सगळीकडे जोडलेला, त्या बँकेला दिसलं तर? आई अंधारातून म्हणाली, "झोप गं आता. त्या फोनमध्ये काय दिवे लागलेत?"

पहिल्या तारखेला हॉटेलात एका लग्नाच्या पार्टीचं बिल करत असताना मेसेज आला. जमा. मी कप खाली ठेवला आणि वाट पाहिली. दुसरा मेसेज आला नाही. स्टेशनसमोरच्या एटीएमवर गेले, भाड्याचे सगळे एकदाच काढले, म्हणजे महिन्यातली एकच खेप खर्च व्हावी. रात्री घरमालकाने नोटा घेतल्या आणि पुतण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी काका आले. मोबाइल खिशात, हातात गजकचा डबा.

आईने पाणी दिलं. काका बराच वेळ थंडीबद्दल बोलले. मग म्हणाले, "ऐकलं, नवीन खातं काढलंस."

"हो."

"साफ आहे म्हणे."

ते खुर्चीत पुढे सरकले. "मी आता दुसऱ्याची गाडी चालवून राहिलोय. मालक म्हणतो खात्यात टाकीन. माझ्या खात्यात आला की बँक ओढून घेते, तुला तर माहीतच आहे. तुझ्या खात्यात येऊ दे ना. तू काढून मला देत जा. सही-बिही काही नको, बघ."

सही नको म्हणाले, आणि डबा आणला होता. आई डब्याकडे बघत होती. तोंडावर नेहमीचं 'हो' आलंच होतं, सवयीने.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, महिन्या-दोन महिन्यांचं..."

"नाही काका. तुमचा पैसा तुमच्या खात्यात. तुमचंही उघडेल असलं खातं, दुसऱ्या बँकेत. थकबाकी विचारत नाहीत. उद्या सकाळी हजीऱ्याला चला, मी येते बरोबर."

"त्या रांगेत? बायकांच्या? अंगठा लावायला?" काका आईकडे वळले. "वहिनी, ऐकताय ना? दादा असता तर..."

"मी लावलाय," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच कळलं. "आणि दर महिन्याला त्यातून थोडं जुन्या कर्जात भरायचं. पावती मला दाखवायची. माझं नाव आहे त्यात, ते मला धुऊन काढायचंय."

काका उठले. डबा तिथेच राहिला. आई म्हणाली, "फार तोडून बोललीस." मग थोड्या वेळाने, भाजी चिरताना, "पण बरोबर बोललीस." मला दोन्ही वाक्यं रात्रभर पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या आधी मी हजीऱ्याला जाऊन उभी राहिले. काका येतील असं काही नव्हतं. सारखी घड्याळ बघत होते, रांग पुढे सरकत होती आणि मी आपली बाजूला. शेवटी समोरच्या पानाच्या टपरीआड दिसले, मोबाइल कानाला लावून.

"काका!" मी रस्त्यापलीकडून हाक मारली. रांगेतल्या चार बायका वळल्या. "कोणाशी बोलताय? या इकडे!"

आले. रांगेत माझ्यापुढे उभे राहिले, मान खाली. मशीनवर अंगठा ठेवला, बीप वाजलं नाही. परत ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"केसांत घासा," मी म्हटलं.

काकांनी टोपी काढली. केस होते कुठे डोक्यावर? मागून हसणं फुटलं. केंद्रवाला म्हणाला, "माथे पे रगड़ लो, दादा, वहाँ भी तेल होता है." काकांनी कपाळावर अंगठा घासला, जोर लावून, आणि परत लाल उजेडावर दाबून धरला. मी बीपची वाट बघत उभी होते. अकराला मला पडावला पोचायचं होतं, आणि घरी तो गजकचा डबा अजून कोणी उघडला नव्हता.