संपतभाऊंच्या कानातली टिचकी

दिवाळी झाली आणि संपतभाऊंच्या कानात टिचकी वाजायला लागली. टिच. मग चार-पाच सेकंद गप्प. पुन्हा टिच. हेडफोन लावला की वाजायची, काढला की बंद. त्यांनी वायरी बदलल्या, हेडफोन बदलला, पंखा बंद ठेवून घामाघूम होऊन बसले. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळं होत असेल म्हणून भर दुपारी गिरणी बंद करायला लावली आणि गिरणीवाल्याशी भांडण ओढवून घेतलं. टिचकी काही हलली नाही. आता बोला!

बरं, माणूस नवशिका म्हणावा तर तसंही नाही. नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या निम्म्यांच्या मंगलाष्टका संपतभाऊंच्या माइकमधून गेलेल्या. मांडवाच्या टोकाला उभे राहून म्हणायचे, "डावीकडनं तिसऱ्या बॉक्सचा स्पीकर फाटलाय." उघडून बघावं तर फाटलेलाच असायचा. राग मात्र कायम नाकावर. नवरदेवाच्या मामानं माइकवर फुंकर मारली, तर मामाच्या हातातून माइक काढून घेणारा हा माणूस. लोक चिडायचे, शिव्या घालायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

पुढं डीजेच्या भिंती आल्या. छातीत धडधड होईल एवढ्या आवाजाला संपतभाऊ वैतागले, स्पीकर विकून मोकळे झाले आणि वारूळवाडीतल्या घरामागच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंतींना गाद्या ठोकल्या. कंप्युटरचं सगळं लेक बघायची. हर्षाली पुण्यातून साउंडचा कोर्स करून आली होती, आणि ही गोष्ट एसटी स्टँडपासून केस कापायच्या दुकानापर्यंत माहीत नाही असा माणूस संपतभाऊंनी ठेवला नव्हता. "मी आपला वायरी जोडणारा," ते सांगायचे. "खरं डोकं पोरीचं. तिला इचारा, कायबी इचारा."

आधी एकच डबा होता, आठ माइकचा. या डब्याचं काम असं, की माइकमधून आलेला आवाज सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजायचा आणि ते आकडे कंप्युटरला द्यायचे. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे मोठे संच यायला लागले, आठ माइक पुरेनात. म्हणून दिवाळीत दुसरा डबा आणला. हर्षालीनं एका सकाळीत दोन्ही डबे केबलनं एकमेकांना जोडले. एक ते आठ नंबर पहिल्या डब्यात, नऊ ते सोळा दुसऱ्यात. कंप्युटरवर सोळा पट्ट्या उभ्या राहिल्या तेव्हा संपतभाऊंनी गल्लीत पेढे वाटले.

आणि त्याच आठवड्यात ही टिचकी.

"हर्षे, हे ऐक बरं. टिच वाजतंय का?"

हर्षालीनं हेडफोन लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. "न्हाई आप्पा. मला तर काय येत न्हाई."

गाणाऱ्यांना विचारावं तर ते म्हणायचे, टाळाचा आवाज असंल भाऊ. टाळाचा! तीस वर्षं टाळ ऐकणाऱ्या माणसाला हे टाळ शिकवणार. मोबाइलवर शोधताना एक नवाच शब्द सापडला, जिटर. आवाज मोजणाऱ्या घड्याळाचे ठोके मागंपुढं होतात, त्याला म्हणे जिटर म्हणतात. पुण्याच्या एका दुकानदारानं फोनवर अर्धा तास जिटर समजावला आणि शेवटी एक जाडजूड केबल गळ्यात मारली. सोन्याच्या टोकांची. टिचकी त्या सोन्याच्या टोकांतूनही झकास वाजली.

मग एक दिवस मंचरला जाताना जीपमध्ये त्यांनी तयार गाणी मोबाइलवर ऐकली. हर्षालीनं गिऱ्हाइकाला दिलेली, अगदी शेवटची. कळंब आलं, पुढं मंचर आलं, आठच्या आठ गाणी संपली. एकही टिचकी नाही. गाणं काचेसारखं स्वच्छ.

म्हणजे मशीन चांगलं, रेकॉर्डिंग चांगलं. बिघडलंय ते आपलं डोकं नाहीतर कान. संपतभाऊ जीपमधून उतरले ते कांद्याच्या मार्केटकडं न जाता थेट कानाच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि कागदावर एक रेघ काढून दिली. रेघ उजवीकडं घसरत गेलेली.

"तीस वर्षं स्पीकरशेजारी उभे राहिलात," डॉक्टर म्हणाले. "बारीक आवाज आता तुम्हाला कमीच येणार. आणि अशा कानात कधी शिट्टी वाजते, कधी आणखी काही. हेडफोन कमी करा."

तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. घरी बायकोनं, वैजयंतीबाईंनी, विचारलं तर म्हणाले, "माझं संपलं गं." त्या माउलीनं लसणाचं तेल कोमट करून आणलं. त्यांनी वाटी भिरकावून दिली आणि मग स्वतःच फडक्यानं फरशी पुसत बसले.

त्या दिवसापासून हेडफोन हर्षालीकडं आणि संपतभाऊ बाहेर ओट्यावर. कुणी विचारण्याआधी स्वतःच सांगायचे, "कान गेलं राव आमचं." लोकांनी कीव करण्याआधी आपणच हसून घ्यायचं. गावात बातमी पसरायला असा कितीसा वेळ लागतो? मंचरचा राजरत्न, ज्याच्या भीमगीतांच्या संचाचा आवाज संपतभाऊ पहिल्या दिवसापासून सांभाळत आले, त्यानं रविवारची तारीख घेतली. बारा वर्षांत पहिल्यांदाच संचाचं पक्कं रेकॉर्डिंग व्हायचं होतं, सोळा माइकवर. तारीख घेताना तो चाचरत म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. पर या बारीला हर्षालीताईलाच मशीनवर बसू द्या. पोरांची बारा वर्षांची मेहनत हाय."

एरवी फोन आपटला असता. पण संपतभाऊ नुसतं "बरं" म्हणाले. हा पोरगा पहिल्यांदा माइकसमोर लटपटत उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडापासून माइक चार बोटं लांब धरायला यांनीच शिकवलेलं. त्यानंच सांगावं, तुम्ही बसू नका म्हणून.

गुरुवारी सकाळी संचातले हनुमंतराव आले, बेंजो घेऊन. बेंजो रेकॉर्डिंगमध्ये घूं करतोय का, ते त्यांना आधीच बघून घ्यायचं होतं. हनुमंतराव जन्मभर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर, त्या अजस्र जाळीदार ताटल्यांच्या वायरींत, नोकरी करून निवृत्त झालेले. हर्षाली नारायणगावला गेली होती. संपतभाऊंनी नाइलाजानं खोली उघडली आणि मोकळा होता त्या नऊ नंबरला बेंजो लावला. हेडफोन हनुमंतरावांनीच कानाला लावला.

"घूं न्हाई करत," ते म्हणाले. "पर संपत, हे टिच टिच काय वाजतंय?"

संपतभाऊ खुर्चीतून ताडकन उठले. "तुमाला येतंय?"

"येतंय म्हंजे? बहिरा वाटलो का काय तुला?"

"आरं देवा!" संपतभाऊंनी त्यांचा खांदाच धरला. "परत ऐका. नीट ऐका. आता वाजलं का?"

"वाजलं. खांदा सोड माझा. बेंजो एक नंबरला लाव बरं."

एक नंबरला टिचकी नाही. आठला नाही. नऊला आहे, दहाला आहे, थेट सोळापर्यंत आहे. हनुमंतरावांनी दोन्ही डब्यांकडं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "ह्ये कुणाच्या घड्याळावर चालतंय?"

मग त्यांनीच समजावलं. दोन्ही डबे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळाच मोजतात. पण याच्या अठ्ठेचाळीस हजारात आणि त्याच्या अठ्ठेचाळीस हजारात केसभर फरक पडतो. चार-पाच सेकंदांत एखादा आकडा जास्तीचा होतो, तो टाकून द्यावा लागतो, आणि टाकला की टिच. "जिटर येगळं. एकाच घड्याळाचे ठोके मागंपुढं झाले तर जिटर, आन ते एवढं बारीक असतंय की तुझ्या-माझ्या कानाला कळायचं न्हाई. हितं दोघंबी आपापल्या घड्याळावर चाललेत. आमच्याकडं तीस ताटल्या एका घड्याळाला बांधलेल्या असायच्या. हितं दोन डबे बांधता येईनात व्हय?"

कंप्युटरवर दोन्ही डब्यांसमोर घड्याळ स्वतःचंच लावलेलं होतं. पहिल्या डब्याला दुसऱ्याच्या घड्याळावर चालायला सांगितलं. एक बटण. टिचकी थांबली. संपतभाऊ दहा मिनिटं हेडफोन लावून बसले, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"माझं कान चांगलं हायेत," ते म्हणाले. "हनुमंतराव, माझं कान चांगलं हायेत हो!"

आणि मग त्यांनी हेडफोन काढून ठेवला. जीपमध्ये ऐकलेली गाणी आठवली. टिचकी मशीनमध्ये होती, तर त्या गाण्यांत का नव्हती?

त्यांनी त्या गाण्यांचं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. त्यात टिचक्याच टिचक्या. मग तयार केलेलं उघडलं. जिथं जिथं टिचकी, तिथं तिथं आवाजाच्या पट्टीला बारीकशी कातर लावून पुन्हा सांधलेलं. दर चार-पाच सेकंदांनी एक. एका गाण्यात पन्नास-साठ. हातानं, एक एक करून. हनुमंतरावांनी स्क्रीनकडं बघितलं, संपतभाऊंकडं बघितलं, बेंजो खोळीत घातला आणि निघून गेले.

हर्षाली आली तेव्हा बाप स्क्रीनसमोर तसाच बसलेला. तिनं बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुला ऐकू येत व्हतं."

"आप्पा..."

"पहिल्या दिवसापासनं येत व्हतं!"

"मला कळतच नव्हतं काय चुकलंय ते!" ती रडायला लागली. "तुमी सगळीकडं सांगत फिरला, पोरीला सगळं येतं, पोरीला सगळं येतं. कोर्सला आमाला एकच डबा शिकवलेला. दोन कसे जोडायचे ते मी मोबाइलवर बघून बघून केलं. वाटलं सापडंल दोन दिवसांत. तवर कापून देत राहिले. मग तुमी डॉक्टरकडं गेला, आन मग सांगायला तोंडच उरलं न्हाई."

"मी माझं दुकान बंद करायला निघालो व्हतो, हर्षे!" संपतभाऊंचा आवाज गिरणीपर्यंत गेला असेल. "लोकांना हसून सांगत व्हतो बहिरा झालो म्हणून! या घरात ती टिचकी आपल्या दोघांनाच ऐकू येत व्हती. आन तू मला एकट्याला सोडलंस तिच्यासंगं. दोन महिने!"

तेवढ्यात फोन वाजला. राजरत्न. संपतभाऊंनी नुसताच स्पीकर चालू केला.

"भाऊ, रविवारचं पक्कं ना? ताईच बसणार ना?"

संपतभाऊंच्या तोंडून "हो, तीच" निघणारच होतं. पोरीला कमीपणा येऊ द्यायचा नाही ही इतक्या वर्षांची खोड, ती अशा वेळीही आडवी आली. पण हर्षालीनं फोन ओढून घेतला.

"राजरत्नदादा, आप्पांच्या कानाला काय झालं न्हाई. टिचकी खरीच वाजत व्हती. डबे मी चुकीचे जोडले व्हते. मला ऐकू येत व्हतं आन मी न्हाई म्हणाले."

मग राजरत्न म्हणाला, "भाऊंना द्या फोन."

संपतभाऊंनी फोन घेतला. "सकाळी आठला या," ते म्हणाले. "उशीर केला तर दार लावून घेईन." आणि फोन बंद केला.

"आन मी?" हर्षालीनं विचारलं. "रविवारी मी?"

संपतभाऊंनी तिच्याकडं बघितलं नाही. "त्याचं मला अजून ठरवता यायचं न्हाई," ते म्हणाले आणि हेडफोन कानाला लावला.