तीनशे दहा किलोमीटर, पंचावन्न मिनिटं

डोंगराआडच्या त्या धावपट्टीवर सगळे तिला वजनताई म्हणत. विमान जेमतेम नऊ माणसांचं, त्यामुळे माणूस असो की बोचकं, तिच्या काट्यावर उभं राहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. बावीस वर्षं हेच काम. बाई मनानं निर्मळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

त्या सोमवारी तो शेंड्यावरून थेट टाळूला गेला. पलीकडच्या धावपट्टीच्या गावात तिची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर हिची वेणीफणी केली ती तिनंच. बुधवारी थोरलीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू जवळ असलीस ना, तर मला भुलीची भीती नाही वाटणार."

विमान जायचं मंगळवारी नि शुक्रवारी. रस्त्यानं म्हणाल, तर मधला घाट खचलेला. म्हणून तिनं चार दिवसांची रजा मागितली. साहेब बदलून येऊन तीनच महिने झालेले. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"अंतर तीनशे दहा किलोमीटर, वेळ पंचावन्न मिनिटं. तासाभराच्या वाटेला चार दिवस? एक दिवस देतो. सकाळी जा, संध्याकाळी या."

"कशानं येऊ? पंख फुटणार आहेत का मला? साहेब, मंगळवारी गेलेलं विमान तिथनं परत निघतं ते शुक्रवारीच!"

"वरचं ऑफिस रजा तक्त्यावरून मोजतं. माझ्या हातात काय आहे?"

"पेन आहे की!" ती म्हणाली आणि दार असं आपटलं की तक्ता तिरका झाला.

मंगळवारी आठ प्रवासी तोलून झाले. नववी ती. बेरीज केली तर आकडा मर्यादेच्या पन्नास किलो वर! कुठनं आलं हे वजन? सामानात एक शिसवी कपाट होतं, सत्तर किलोचं. चिठ्ठीवर साहेबांच्या मेहुण्याचं नाव.

वैमानिक म्हणाला, "ताई, काहीतरी उतरवावं लागेल. बोला, काय?"

तिथला नियमच होता, वजनाबाबत काटा सांभाळणाऱ्याचा शब्द शेवटचा.

"लाकूड उतरवा," ती म्हणाली.

साहेब धावतच आले. "अहो, ते आजच पोचायला हवंय! मेहुणा वाट बघतोय."

"माझी बहीणही वाट बघतेय. कपाटाला भूल द्यायची नाहीये ना उद्या?"

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. साहेब लालबुंद. "रजा एकाच दिवसाची आहे. बाकीचे तीन दिवस गैरहजेरी लावीन!"

"लावा. आणि कारण पूर्ण लिहा. मेहुण्याच्या कपाटासकट."

मग ती स्वतः काट्यावर चढली, आपला आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, कारकुनाच्या हाती वही दिली आणि शिडी चढली.

पट्टा तिनं रागानंच करकचून आवळला. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर आधी साहेबांसाठी दोन शिव्याच बाहेर पडल्या. शेजारचा म्हातारा दचकला. त्याच्याकडे न बघता तिनं तिसरीही देऊन टाकली, आणि मगच थोरलीसाठी हात जोडले.