खाली माणसं हायत

"हळू रं गड्या, खाली माणसं हायत!"

जेसीबीच्या घरघरीतून हे ऐकताच माझ्या ऑपरेटरने मशीन बंद केलं आणि थेट रस्ता गाठला. आटपाडीत एका जुन्या गोदामाच्या जागी आम्ही पाया खणत होतो. खड्ड्याच्या काठावर गळ्यात टेप अडकवलेले आमच्या पेठेतले म्हातारे शिंपी उभे होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी घाबरत खाली वाकलो, तर मातीत एक कान तुटलेला कप आणि शाईच्या दोन दौती.

"चाचा, ही माणसं व्हय?"

"मग? कप काय आपला आपण चहा पितोय?"

त्या दिवशी काम दोन तास थांबलं. पुढे हे नेहमीचंच झालं. मी कुठं पाया, संडासाची टाकी किंवा बुजलेला आड उकरायला घेतला, की मशीनच्या आधी चाचा हजर. कापडावर खुणा करायच्या खडूने ते खड्ड्याच्या भिंतीवर रेघा मारायचे. "ही रेघ आज्याची, ही बापाची." मग वरच्या थरातल्या गुटख्याच्या पुड्या दाखवून म्हणायचे, "आन् ही आपली."

तुम्ही त्यांच्याकडे कधी कापड टाकलं असेल, तर पुढचं सांगायला नको. माझ्या एका पँटीला सहा महिने लागले. चिडलो तर म्हणाले, "आवं ठेकेदार, कापड कुठं पळतंय? खड्डा मातूर उद्या बुजणार." पँट मिळाली, उरलेलं कापड मिळालं नाही. दुकानातल्या कपाटात बरण्या, दौती, औषधाच्या निळ्या बाटल्या असायच्या. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पँटीच्या नाहीतर झंपराच्या तुकड्यात गुंडाळलेली. बायका आपापलं कापड ओळखून हसायच्या.

हा नाद कशापायी, हे त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांच्या वडिलांचा गोटी सोड्याचा कारखाना होता. बाटलीच्या काचेवर वडिलांचं नाव उमटवलेलं आणि गळ्यात काचेची गोटी. पुढे धंदा बसला आणि बाटल्यांच्या शेवटच्या दोन पेट्या घरात उरल्या. आठ वर्षांच्या या बहाद्दराने एका दुपारी त्या सगळ्या दगडावर फोडल्या. कशासाठी? गोट्यांसाठी!

"अब्बा मारतील म्हणून मी दारामागं लपलो. त्येंनी काचा गोळा केल्या. मला येवढंच इचारलं, किती गोट्या घावल्या रं?" चाचा हसले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. "मला सांगताच आलं न्हाई. एक बाटली साबूत घावली पायजे बघा. एकच."

जत्रेला, लग्नाला गेलेल्या सगळ्याच बाटल्या तेव्हा परत येत नसत. तेवढ्या आशेवर त्यांनी कवठे महांकाळपर्यंतचे खड्डे धुंडाळले. तोंडं मिळाली, बुडं मिळाली, वडिलांचं अर्धं नावही मिळालं. अख्खी बाटली काही मिळेना.

मग स्टँडजवळचं एक जुनं हॉटेल पाडायचं काम माझ्याकडे आलं. मागे हॉटेलचा कचऱ्याचा खड्डा होता आणि दुसऱ्याच दिवशी तिथे काँक्रीट पडणार होतं. ऐकताच चाचा हजर झाले. गळ्यातला टेप काढून खिशात घातला आणि खाली उतरले. मी मालकाला मिक्सर बिघडल्याची थाप मारली आणि काम एक दिवस पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्यातून काहीच आवाज येईना, म्हणून मी वाकून पाहिलं. चाचा तळाशी मांडी घालून बसले होते. मांडीवर चिखलाने माखलेली बाटली. त्यांनी ती हलवली आणि आत गोटी वाजली. मला तर रडूच आलं.

बाटली धुऊन, पुसून ते तडक कबरस्तानात गेले. तासाभराने परत आले ते हसतच.

"सांगून आलो अब्बाला. एक सोडून समद्या घावल्या."

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मुलीने ती बाटली आणून माझ्या हातात ठेवली. "ठेकेदारांनाच द्या म्हनलेले," एवढंच ती बोलली. बाटली माझ्याच पँटीच्या उरलेल्या कापडात गुंडाळलेली होती.

अधूनमधून मी कापड सोडून ती हलवून बघतो. गोटी वाजते. आणि तुमच्यापाशी कबूल करतो, पन्नाशी उलटली तरी नजर आजूबाजूला दगड शोधायला लागते. लगेच बाटली गुंडाळून कपाटात ठेवतो. तुम्ही आलात तर दाखवीन. हातात मात्र देणार नाही.