मजुरीनं लिहिणारा माणूस

हनीफ गेल्याची बातमी मला एका लिंकवरून कळली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलो होतो, एका जुन्या विद्यार्थ्यानं ती पाठवली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘अकोल्याच्या ‘या’ लेखकानं शेवटच्या क्षणी पत्नीला जे सांगितलं, ते वाचून तुमचेही डोळे पाणावतील’. हा ‘या’ कोण ते कळावं म्हणून मी अंगठ्यानं खाली खाली सरकत गेलो. मध्ये गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, मग पोट कमी करण्याची, मग कुठल्याशा नटीचा घटस्फोट... आणि अगदी तळाशी, जिथं पोचेपर्यंत माणसानं सगळ्या जाहिराती पाहिलेल्या असाव्यात अशी सोय होती, तिथं माझ्या मित्राचं नाव होतं. अमरावतीच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा हनीफ. रडू यायच्या आधी मला किळस आली, आणि इतके आठवडे झाले तरी ती गेलेली नाही.

शेवटच्या क्षणी त्यानं पत्नीला काहीही सांगितलेलं नव्हतं. नसीमभाभी त्या वेळी दवाखान्यात नव्हत्याच. छातीत दुखतं म्हणून सकाळी त्याला भरती केलं, दुपारी त्याला जरा बरं वाटलं, म्हणून भाभी खिचडी करून आणायला मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात घरी गेल्या होत्या. त्या डबा भरत होत्या तेव्हा तो गेला. लेखात मात्र त्यांचा हात त्याच्या हातात होता आणि त्याच्या ओठांवर वऱ्हाडच्या कास्तकारांची काळजी होती. हे ज्या पोर्टलनं टाकलं, त्याच पोर्टलसाठी हनीफ शेवटपर्यंत लिहीत होता. आपल्याच माणसाच्या मरणाची बातमी लिहिताना निदान घरी एक फोन करावा, एवढंही त्यांना सुचलं नाही. सुचलं असेल, पण फोन केला तर खरं कळतं, आणि खरं ‘चालत’ नाही.

आम्ही दोघं मराठी घेऊन शिकलो. त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. सुट्टीवरून परत आला की त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू असायचे आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो. तू मुसलमान असून मराठी काहून घेतलं, हा प्रश्न त्याला आयुष्यभर लोकांनी विचारला आणि तो प्रत्येकाला वेगळं उत्तर देत आला. मला एकदा म्हणाला होता, की गाद्या विकायला बाजारात मराठीच लागते. मी पुढे प्राध्यापकी धरली, पगाराची नोकरी. तो अकोल्याला एका वर्तमानपत्रात लागला.

तिथं त्यानं एक पद्धत पाडली, जी मी दुसऱ्या कुणाच्यात पाहिली नाही. ज्या माणसावर लिहिलं, त्या माणसाला तो लेख छापायला देण्याआधी वाचून दाखवायचा. फोनवर नाही, जाऊन. मेळघाटातल्या माणसावर लिहिलं असेल तर एसटीनं परतवाड्याला, तिथून जीपमध्ये अंग चोरून बसून वर, एक पान वाचायला. समोरचा म्हणाला की हे असं नव्हतं, तर तिथंच खोडायचा. ऑफिसातले त्याला हसत. एवढ्यात दुसऱ्या पेपरवाल्यांचा लेख छापूनही येतो, म्हणत. पण ही पद्धत त्यानं वडिलांकडून उचलली होती. ते गादी शिवून बंद करण्याआधी गिऱ्हाइकाला आत हात घालायला लावत, भरती नीट आहे का बघा म्हणत. एकदा शिवली की आत काय आहे ते कोण बघणार... हनीफचा हिशेब तोच होता.

मग ती वर्षं आली. कापूस घरात पडून, विहिरी कोरड्या, आणि दर आठवड्याला कुठल्या तरी गावातून तीच बातमी. मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून पत्रकार यायचे, अमरावतीत हॉटेलात उतरायचे, गावात जाऊन बाईला नवऱ्याच्या फोटोखाली बसवायचे आणि संध्याकाळी परत. नेमक्या याच काळात हनीफच्या पेपरनं अकोल्याचं ऑफिस आवरलं. मुलगी अमरावतीला नर्सिंगला, घर चालवायचं, वडिलांचं दुकान फोमच्या गाद्यांनी खाल्लेलं. तेव्हा हे पोर्टल आलं. लेख जितके लोक उघडतील तितके पैसे. पहिल्या भेटीत तिथल्या संपादकानं, हा पोरगा आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, पोर्टलवर काय चालतं आणि काय चालत नाही हे त्याला समजावून सांगितलं. हनीफनं मला ते जसंच्या तसं ऐकवलं होतं. “सर, शेतकऱ्याची विधवा चालते. पण रडली पाहिजे.”

मी तेव्हाच त्याला म्हणालो की ही घाण आहे, शिरू नकोस. तो म्हणाला, शिरतो, पण पायात चपला घालून.

काही महिने ते जमलंही. मग त्यानं कौंडण्यपूरकडच्या एका गावातल्या शांताबाईवर लिहिलं. शांताबाईचा नवरा त्या वर्षांत गेला होता, कसा ते वऱ्हाडात सांगावं लागत नाही. पण हनीफला तिच्यात वेगळंच दिसलं. ती गावातल्या निंदणाच्या, वावरातलं तण काढणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. कोणाच्या वावरात जायचं, मजुरीचा रोज किती घ्यायचा, हे ती ठरवायची, आणि मोठमोठे कास्तकार तिच्यापुढं घासाघीस करताना घामाघूम व्हायचे. लेख झकास उतरला होता. मी वाचला आहे, त्यात ती एकदाही रडत नाही, दोनदा खळखळून हसते. नेहमीप्रमाणे हनीफ तिच्या ओसरीवर जाऊन तो वाचून आला. तिनं फक्त जावेबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं.

पण त्यानं वाचला तो लेख. शीर्षक नव्हे. शीर्षक ऑफिसात लागतं, पेपरातही तसंच असायचं, म्हणून ते वाचून दाखवायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. पोर्टलनं वर टाकलं, ‘नवरा गेला, चूल विझली... उपाशी पोटी राबणाऱ्या ‘या’ माउलीची कहाणी वाचून काळीज फाटेल’. सोबत कुठल्या तरी भलत्याच बाईचा पदराला डोळे पुसतानाचा फोटो. लेख तुफान चालला. आतलं कुणी वाचलं की नाही देव जाणे. गावात तो फोनवरून फिरला, आणि पुढच्या आठवड्यात शांताबाई रोज ठरवायला गेली तेव्हा एका कास्तकारानं तिच्यापुढं फोनच धरला. उपाशी आहेस ना, मग भाव कशाला करतेस, मिळेल त्यात ये. टोळीतल्या बायांचाही तिच्यावरचा विश्वास उडाला, हिनं आपली लाज बाहेर नेली म्हणून. निम्म्या तिला सोडून गेल्या.

हनीफ तिला भेटायला गेला तेव्हा तिनं शिव्या दिल्या नाहीत. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं आणि एवढंच विचारलं, “तुनं वाचून दाखोलं त्यात हे नवतं ना बाप्पा. वरचं काहून नाई वाचलं?”

हे मला सांगताना तो अमरावतीच्या राजकमल चौकातल्या चहाच्या टपरीवर उभा होता, आणि त्यानं चहा तसाच खाली ठेवून दिला. त्यानं पोर्टलला शीर्षक बदलायला सांगितलं, मग विनवलं, मग भांडला. ते म्हणाले, शीर्षक हे संपादकीय धोरण आहे. धोरण... या एका शब्दाखाली या देशात काय काय झाकलं जातं, त्याची मला शिसारी येते.

त्या दिवसापासून त्यानं स्वतःची वाटणी करून टाकली. हनीफ या नावानं पोर्टलला एक ओळ द्यायची नाही. त्या नावाचं लिहिणं छोट्या नियतकालिकांना, दिवाळी अंकांना, जिथं मानधन म्हणून अंकाची एक प्रत येते, आणि तेही शीर्षकासकट वाचून दाखवलेलं. पोर्टलसाठी मात्र तो झाला ‘सुमनताई’. दाढीवाला, चष्म्यातून बघणारा आमचा हनीफ गृहिणींना करपलेली कढई कशी घासावी आणि पावसाळ्यात मीठ कसं कोरडं ठेवावं हे सांगू लागला. सुमनताई भयंकर लोकप्रिय झाली. माझी बायको तिची वाचक होती. ती कोण हे मी तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग माझ्यावर चिडली, की सांगितलंस कशाला.

मी त्याला टोचून बोलायचो. ज्यानं निंदणाच्या टोळीवर तसं लिहिलं, त्यानं मिठाच्या बरणीवर लिहावं, हे मला बघवत नव्हतं. एकदा तर मी सरळ म्हणालो की दोन दगडांवर पाय ठेवून तू बुडशील, सोड ते पोर्टल. तो म्हणाला, “तुले पगार हाये बे. तुले किळस परवडते.”

एक गोष्ट मात्र मी पाहिली आहे. सुमनताई म्हणूनही तो खोटं लिहीत नव्हता. तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला टाकला तर किडे होत नाहीत हे लिहिण्याआधी त्यानं घरात तसा डबा ठेवून पाहिला होता. पोर्टल त्याच्या मागं लागलं होतं, साखरेचा आजार मुळापासून घालवणारं पान, कॅन्सर पळवणारं पाणी, असलं काही लिहा, तुफान चालतं. त्यानं शेवटपर्यंत ते लिहिलं नाही. कढईपर्यंत येतो, म्हणायचा, किडनीपर्यंत नाही येत.

तो गेला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सुमनताईनं नवा लेख लिहिला. हो, गेल्यावर. सुमनताई हे नाव पोर्टलच्याच मालकीचं होतं म्हणे, करारात तसं होतं. कुणी लिहिला, माणसानं की यंत्रानं, मला माहीत नाही. लेखात साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद करून उपाशीपोटी एका पाल्याचा रस प्यायला सांगितला होता. जुन्या शहरातल्या गल्लीत सुमनताई कोण हे सगळ्यांना ठाऊक. शेजारची म्हातारी भाभींच्या दाराशी येऊन विचारून गेली, की तुमच्या मियांनी लिहिलंय तर गोळ्या बंद करू का. भाभींनी तिला हात जोडले. मग त्यांची मुलगी रुखसाना हिनं मला फोन केला, आणि मी पोर्टलला. तोच पोरगा संपादक बोलला. अतिशय नम्र होता. श्रद्धांजलीचा लेख खूप चालतोय म्हणाला, कुटुंबाला त्यातला वाटा देऊ. मी म्हणालो, वाटा नको, त्याच्या तोंडी घातलेलं खोटं काढा आणि सुमनताई बंद करा. तो म्हणाला, वरिष्ठांना विचारतो. ते दोन्ही लेख आजही तिथंच आहेत. तुम्ही शोधलं तर सापडतील, पण कृपा करून शोधू नका, तुमच्या एकेका क्लिकवर त्यांचं पोट भरतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर ते परस्पर वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवणं मला शक्य नव्हतं. मागच्या रविवारी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो. भाभी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आहेत, बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत. एरवी हातानं चहा देणाऱ्या भाभी या वेळी आतल्या खोलीत, मध्ये पडदा, दारात रुखसाना. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून वाचू लागलो. एकदा पडद्याआडून बांगडी वाजेल असं वाटलं, मग आठवलं की बांगड्या नाहीत. खिचडीच्या डब्याशी आलो तेव्हा मीच थांबलो. आतून आवाज आला, “वाचा भाऊ. खरं हाये ते.”

सुमनताईपाशी आलो. या भागात माझी मूळची भाषा बरीच कडक होती. लाचारी, भिकार टिपा, असे शब्द होते. तो पूर्ण वाचून झाला. मग भाभी म्हणाल्या की ते शब्द काढा. कढईचं, मिठाचं, तांदळाचं, सगळं त्यांनीच हनीफला सांगितलेलं. संध्याकाळी त्या सांगायच्या, तो लिहून त्यांना वाचून दाखवायचा, चुकलं असेल तर त्या दुरुस्त करायच्या. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी शब्द काढले.

“वर काय लिवलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शीर्षक मला फार आवडलेलं होतं. ‘शब्दांचा फकीर’.

पडद्यामागं हालचाल झाली. रुखसाना माझ्याकडे न बघता खाली बघू लागली.

“फकीर काहून?” भाभी म्हणाल्या. “फकीर मांगून खाते. आमचे मांगून नाई खात होते. मजुरीनं लिवत होते, त्यानंच पोरगी शिकली. तसंच लिवा.”

मी खिशातून पेन काढलं आणि वरची ओळ खोडली.