लग्नाच्या यादीत बंदूक

आमच्या लग्नाच्या यादीत साड्या होत्या, भांडी होती, बँड कुणी सांगायचा तेही होतं. सगळ्यात खाली वधूच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: 'वरपक्ष बंदूक आणणार नाही.'

सणसरला, वधूच्या घरच्या ओसरीत, सगळ्यांनी एकदम माझ्या शेजारी पाहिलं. बंदूकवाले तात्या, माझे थोरले चुलते, तिथंच बसले होते. फौजेतून निवृत्त होऊन वडगावला ऊस करायचे. परवान्याची बाराबोअर होती. भावकीतल्या प्रत्येक लग्नात त्यांनी हवेत दोन बार काढल्यावरच नवरदेव मांडवात पाऊल टाकायचा.

"फौजेत जल्म गेला माझा, पोरी," तात्या म्हणाले. "मी आभाळात बार काढतो. माणसाला न्हाय लागत."

"आमच्या मामांना लागला होता तोही आभाळातच काढलेला," ती म्हणाली. "नाचणाऱ्याचा धक्का बसला आणि नळी खाली आली. दोन छरे अजून खांद्यात आहेत."

"दावू का?" म्हणत मामांनी सदऱ्याचं बटण सोडलंसुद्धा.

"नको, नको!" सगळे ओरडले.

"मग सरकारनं लायसन दिलंच कशाला?" तात्या.

"रानडुकरांसाठी," मामा माझ्याकडं बघत म्हणाले. "पीक राखायला म्हणून लिवलंय त्यावर. का आमचा जावईच डुक्कर हाय?"

ओसरी हसली. मीही हसलो, तिथंच चुकलो. तात्या उठले. "बंदूक न्हाय, तर मीबी न्हाय."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं तात्यांनी. त्यांच्याशिवाय मी बोहल्यावर उभा राहणार नव्हतो, आणि ती बंदुकीसमोर उभी राहणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत गेलो आणि तडजोड मांडली: एकच बार.

"एका बारानं मामांना कमी दुखलं असतं का?" तिनं वह्या तपासता तपासता विचारलं. "तात्यांना आणा. त्यांच्यासाठी मी वेशीपर्यंत चालत येईन."

हे मी तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. तात्या चार दिवस बंदूक पुसत बसले.

लग्नाच्या दिवशी ते जीपमधून उतरले. फेटा कडक, हात रिकामे. ती खरोखरच वेशीवर उभी होती. तात्यांनी तिच्या हातात एक कागद ठेवला: पोलीस ठाण्यात बंदूक जमा केल्याची पावती.

"हवालदार म्हनला, इलेक्शन नसताना बंदूक जमा करणारे तुमीच पयले."

तिनं पावती वही तपासावी तशी वाचली. "आणि काडतुसं?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आंब्याच्या झाडाकडं पाहिलं.

"ती ऱ्हायली खिशात."

"राहिली का ठेवली?"

"ठेवली," तात्या शेवटी म्हणाले. "म्हनलं, कुणाची तरी बंदूक मिळंल."

तिनं हात पुढं केला. दोन लाल काडतुसं तिच्या मेंदीभरल्या तळव्यावर आली. ती तिनं रुमालात बांधून मामांकडं दिली, मगच वाकून तात्यांच्या पाया पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझं मनगट धरलं आणि मला मांडवाकडं ओढत निघाले.

बँड सुरू झाला. तात्या माझ्या कानात म्हणाले, "लई हळू वाजवत्यात रं."